मांसाची बेगमी

इंग्रज तत्त्ववेत्ता फ्रान्सिस बेकन याच्या मरणाची जी हकीकत जॉन ऑब्री या चरित्रलेखकानें नमूद करून ठेविली आहे, ती सर्वस्वीं खरी असेल असें इतिहासज्ञ मानीत नाहींत. तरी ती सांगण्यासारखी आहे. १६२६ सालीं लंडनजवळच्या हायगेट टेकडीकडून जात असतां जमिनीवर पडलेला बर्फ पाहून बेकनच्या मनांत आलें कीं, मिठानें जसें मांस टिकतें तसें तें बर्फानेंही कां टिकूं नये? त्यानें गाडी थांबविली, टेकडीच्या पायथ्याशीं राहणाऱ्या एका गरीब बाईकडून कोंबडी विकत घेतली, तिचीं आंतडीं त्या बाईकडूनच काढविलीं, आणि मग तिच्या पोटांत बर्फ भरला. त्या गारठ्यानें तो आजारी पडला व ९ एप्रिल रोजीं वारला. ऑब्रीची गोष्ट सोडून दिली तरी, पदार्थ टिकविण्याच्या एका प्रयोगांत आपण गुंतलों होतों व तो उत्तम साधला, असें बेकननें अखेरच्या पत्रांत कळविलें आहे, एवढें निश्चित.

जो प्रयोग करतांना एका थोर पुरुषाच्या प्राणावर बेतलें असें सांगतात, तो आज आमच्या शहरांतून घरोघर होत असतो, आणि करणाऱ्यास साधें पडसेंही होत नाहीं. महिन्याच्या पहिल्या रविवारीं, पगार हातीं आल्यावर, ठोक भावाच्या दुकानांतून आठ-दहा किलो कोंबडी एकदम आणावयाची. घरीं आल्यावर तिचे अर्ध्या अर्ध्या किलोचे भाग करून पिशव्यांत बांधावयाचे. पिशवीवर तारीख घालावयाची. आणि उणे अठरा अंशांच्या कप्प्यांत त्या पिशव्या रचून ठेवावयाच्या. अमेरिकेंत हा परिपाठ जुना आहे. तेथें या कामासाठीं पेटीसारखा वेगळा फ्रीजर तळघरांत किंवा मोटारीच्या खोलींत ठेविलेला असतो, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही तो दिसतो. आपल्याकडे अजून बहुतेकांचा फ्रीजर म्हणजे फ्रीजचा वरचा लहानसा खण. पण हौस मोठी आहे, आणि नवा फ्रीज घेतांना तो खण केवढा आहे हें लोक आतां आवर्जून पाहतात.

यांत नीतीचा प्रश्न कोठें आला, असें वाचक विचारतील. मांस खाणें हेंच पाप मानणाऱ्यास तें आज आणलेलें कीं महिन्यापूर्वींचें, या भेदाचें महत्त्व नाहीं. आणि मांस खाण्यांत कांहींच गैर न मानणाऱ्यास तर ही केवळ काटकसर आहे, व काटकसर हा सद्गुण आहे. या दोन पक्षांचा वाद फार जुना आहे व त्यांत आम्ही येथें शिरत नाहीं. आमचा प्रश्न लहान आहे, आणि लहान असल्यामुळेंच तो कोणी विचारीत नाहीं. जो मनुष्य मांस खातो, आणि तरीही प्राण्याचा जीव घेणें ही अगदींच क्षुल्लक गोष्ट नव्हे असें ज्यास वाटतें, अशा मधल्या मनुष्यानें (आणि बहुतेक मांसाहारी लोक असे मधलेच असतात असा आमचा समज आहे) धान्याप्रमाणें कोंबडीचीही बेगमी करावी काय?

बेगमी हा आमच्या गृहिणींचा मानाचा शब्द आहे. चैत्र-वैशाखांत ऊन तापलें कीं पापड, कुरडया, सांडगे गच्चीवर पडतात, तिखट कुटून बरण्यांत जातें, वर्षाचें धान्य ऊन दाखवून कणगींत भरलें जातें. हें सर्व पुढच्या चार महिन्यांवर नजर ठेवून चालतें. त्यांत मांसाला मज्जाव होता असेंही नाहीं. कोंकणांत सुकट, बोंबील, सोडे यांची बेगमी झाल्यावांचून कोळ्याच्या किंवा कुळवाड्याच्या घरीं पावसाळा निभत नसे. कारण होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, समुद्र खवळलेला, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ताजी मासळी दुर्मिळ. तेव्हां जीव मारून त्याचें मांस सांठविणें हें फ्रीजरबरोबर आलेलें नवें पाप आहे असें जो म्हणेल, त्यास कोंकणांतल्या कोणत्याही घरीं बोंबलाच्या वासानेंच उत्तर मिळेल.

परंतु सुकटीच्या डब्यांत आणि फ्रीजरमधील पिशवींत एक मोठें अंतर आहे. सुकट अभावाला तोंड देण्यासाठीं असते. कोंबडीचा अभाव कोणत्या महिन्यांत असतो? दुकान कोपऱ्यावर आहे, बाराही महिने उघडें आहे, आणि घरपोंच आणून देणाराही आहे. ही बेगमी अभावाची नसून भावाची आहे. आज स्वस्त आहे म्हणून आज घ्यावयाचें, भूक केव्हां लागेल तें पुढें पाहूं, असा तिचा न्याय आहे.

जॉन लॉक यानें १६८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या राज्यशास्त्रविषयक ग्रंथांत मालमत्तेची उपपत्ति मांडतांना एक मर्यादा सांगितली आहे. सृष्टींतून मनुष्यानें श्रम करून जें उचललें तें त्याचें. मात्र नासण्यापूर्वीं उपयोगांत आणतां येईल तेवढेंच उचलण्याचा त्यास अधिकार आहे, त्यापलीकडचें दुसऱ्यांचें. पुढें तोच सांगतो कीं, न नासणारें नाणें व्यवहारांत आल्यावर ही मर्यादा सुटली. सोनें कुजत नाहीं, म्हणून तें कितीही सांठविलें तरी अपराध होत नाहीं. लॉकच्या युक्तिवादांत दोष दाखविणारे पुष्कळ आहेत व त्यांचें म्हणणें बव्हंशीं बरोबर आहे. पण नासणें हा संग्रहावरचा निसर्गाचा लगाम आहे, हें त्याचें निरीक्षण आम्हांस मोलाचें वाटतें. नाण्यानें संपत्तीच्या बाबतींत जें केलें, तें उणे अठरा अंशांनीं मांसाच्या बाबतींत केलें आहे.

हा लगाम प्रत्यक्षांत काय करीत असे, हें आमच्या खेड्यांत पाहावयास मिळे. एका घरास बोकड जड जाई. तो कापला तर लगोलग संपला पाहिजे, आणि एका कुटुंबाच्यानें तो संपत नाहीं. म्हणून आठ-दहा घरें मिळून बोकड घेत आणि त्याचे सारखे वांटे घालीत. प्रत्येक वांट्यांत मांडीचें मांस थोडें, काळजाचा तुकडा थोडा, हाडें थोडीं. एकास सगळें मऊ आणि दुसऱ्यास नुसतीं हाडें असें होऊं नये म्हणून दहा जणांचे डोळे त्या ढिगांवर रोखलेले. पैसे कोणी लगेच देई, कोणी सुगीनंतर. खेडें म्हणजे सत्ययुग होतें असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. वांट्यास कोणाला बोलवावें आणि कोणाला नाहीं हें त्याच खेड्यांत जातीवरून ठरत असे. तथापि मांस एकट्यानें दडवून ठेवण्याची सोय नव्हती, हें खरें.

कोंबडी त्या मानानें लहान. तिला वांटेकरी लागत नसत. पण तिलाही निमित्त लागे. पाहुणा आला, जांवई आला, मुलगा नोकरीवरून परत आला, देवीचा नवस फेडावयाचा राहिला, म्हणजे दारांतलें कोंबडें धरलें जाई. अंडीं घालणारी कोंबडी तर घरधनीण सहसा हातची जाऊं देत नसे, कारण त्या अंड्यांच्या पैशांतून तिची मीठमिरची सुटत असे. कोंबडें कापावें कीं न कापावें हा प्रश्न त्या घरांत दर वेळीं नव्यानें निघे, आणि पुष्कळ वेळां त्याचें उत्तर 'नको' असें येई. नको म्हणण्यास दया हें कारण क्वचितच असे. अंडीं, पैसा, पाहुण्याची योग्यता, उद्यांचा आठवड्याचा बाजार, अशीं तीं कारणें असत. पण प्रश्न निघत असे, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

फ्रीजरनें हा प्रश्नच काढून घेतला. तो एकदां, रविवारीं, दुकानांत, भावाची पाटी पाहून विचारला जातो, आणि पुढील वीस जेवणांचें उत्तर तेथेंच देऊन टाकलेलें असतें. मंगळवारीं संध्याकाळीं पिशवी काढून पाण्यांत ठेवितांना कोणी कांहीं ठरवीत नाहीं. जीव तर गेलेलाच आहे, पैसाही गेलेला आहे. आतां खाल्ली नाहीं तर मात्र ती वाया जाईल. अन्न वाया जाऊं देऊं नये, हें खाण्याच्या बाजूचें सर्वांत बळकट कारण. तेंच आपण महिन्याच्या आरंभीं स्वतः विकत आणून ठेविलेलें असतें. मग त्या कारणापुढें आपण निरुपाय झाल्याप्रमाणें वागतों.

बौद्ध भिक्षूंच्या आचारांत मांसाविषयीं एक नियम आहे. प्राणी आपल्याकरितां मारला असें भिक्षूनें पाहिलें, ऐकलें, किंवा त्यास तशी शंका आली, तर तें मांस त्यास वर्ज्य. या तिन्ही दोषांपासून मुक्त असलेलें चालतें. भिक्षेवर जगणाऱ्यास हा नियम योग्यच होता, कारण तो मागणी करीत नव्हता, पात्रांत पडेल तें घेत होता. हा नियम आपण बाजारास लावून पाहूं. कोपऱ्यावरच्या दुकानांत जाळीच्या पिंजऱ्याकडे बोट करून 'ती द्या' असें म्हणणारें गिऱ्हाईक या कसोटीस मुळींच उतरत नाहीं. त्यानें पाहिलें आहे, ऐकलें आहे, आणि शंकेस तर जागाच उरलेली नाहीं. गोठविलेली पिशवी मात्र तिन्ही कसोट्यांस उतरते. ती कोंबडी आपण पाहिली नाहीं, तिची फडफड ऐकली नाहीं, आणि ती आपल्याकरितां मारली असेंही कोणास म्हणतां येणार नाहीं. ती कोणाकरितांच मारलेली नाहीं. एक गिऱ्हाईक आलें नाहीं तर दुसरें नेईल, अशा भरंवशावर ती मारली गेली.

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत याच्या अगदीं उलट एक यादी आहे. अनुमति देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, हे सर्वच तींत घातक म्हणून सांगितले आहेत. मनूच्या पुष्कळ गोष्टी आम्हांस मान्य नाहींत, आणि गांवांतलें कोंबडें त्यानें द्विजांस निषिद्ध ठरविलें तें कोंबड्यावरील दयेमुळें, असेंही आम्ही मानीत नाहीं. पण ही यादी करणाऱ्यास बाजार कळत होता यांत संशय नाहीं. त्यानें खरेदीदारास वगळलें नाहीं. भिक्षूची सूट गृहस्थास मिळूं शकत नाहीं, कारण गृहस्थाची पिशवी ही भिक्षा नव्हे, मागणी आहे. दुकानदार उद्यांचा माल आजच्या खपावरून मागवितो. एका पिशवीनें काय फरक पडतो, असें म्हणण्याची चाल आहे. पण माल खोक्यांनीं येतो, आणि जिच्यामुळें आणखी एक खोकें मागवावें लागतें अशी कोणाची तरी पिशवी असतेच. ती आपली नसेल असें समजण्यास आधार कोणता?

म्हणून या बाबतींत आमचें मत लोकांच्या समजुतीविरुद्ध जातें. पिंजऱ्यापुढें उभें राहून कोंबडी कापवून घेणारा कठोर, आणि स्वच्छ बांधलेली पिशवी नेणारा सभ्य, असें सामान्यतः समजतात. त्या दुकानांचें समर्थन करण्याची आमची इच्छा नाहीं. तेथील घाणीविषयीं व पिंजऱ्यांतील दाटीविषयीं बोलावें तितकें थोडेंच. परंतु तेथें उभा असलेला मनुष्य आपण काय करवीत आहों हें निदान जाणतो. अशा दुकानापुढें आम्हीं असे बाप पाहिले आहेत, जे बरोबरच्या मुलाचें तोंड हळूच रस्त्याकडे फिरवितात. त्या फिरविण्यांत लाज आहे, संकोच आहे, थोडासा दंभही आहे. पण तेवढा तरी विचार त्यांत आहे. पिशवी नेणाऱ्यास मुलाचें तोंड फिरवावें लागत नाहीं.

हिशेबी वाचक येथें म्हणेल कीं, वर्षास चाळीस किलो खाणाऱ्यानें तें आठवड्यास थोडें थोडें आणलें काय आणि चार खेपांत आणलें काय, कोंबड्या तितक्याच मरतात. हिशेब बिनचूक आहे. गृहीत मात्र चुकलेलें आहे. खप तोच राहील हें कोणीं सांगितलें? डब्यांत लाडू असले म्हणजे ते खाल्ले जातात हें आईला ठाऊक असतें, म्हणून ती डबा उंच फळीवर ठेविते. फ्रीजरचा खण कोणाच्याही हातापासून लांब नसतो.

याहून जड आक्षेप दुसरा आहे, आणि त्यापुढें आम्ही बरेंचसें नमतें घेतों. सकाळीं सातच्या लोकलनें निघून रात्रीं आठास घरीं येणाऱ्या बाईस 'दर वेळीं नवा विचार करा' असा उपदेश करणें सोपें आहे; तो करणारा बहुधा स्वतः पोळ्या लाटीत नसतो. तिच्या लेखीं ती पिशवी म्हणजे मोकळा झालेला एक तास आहे. तसेंच, ज्या घरांत कोंबडी जत्रेला किंवा सणाला मिळे, तेथें ती आज एखाद्या साध्या रविवारीं मुलांच्या ताटांत पडते, हें स्वस्ताईचेंच देणें आहे. तें कोणाकडून हिसकावून घ्यावें असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र ठोक खरेदीची स्वस्ताई आणि ही स्वस्ताई एक नव्हे. ठोक भावानें घेण्यास आधीं ठोक पैसा लागतो, मोठा फ्रीज लागतो, आणि न जाणारी वीज लागते. ज्याच्यापाशीं हीं तिन्ही नाहींत तो पाव किलो घेतो आणि चढा भाव देतो.

आणि मुळांत ही स्वस्ताई आली कोठून? १९२३ सालीं अमेरिकेच्या डेलावेअर संस्थानांत सेसिल स्टील नांवाच्या बाईनें अंड्यांसाठीं पन्नास पिलें मागविलीं असतां चुकून पांचशें आलीं. तिनें तीं परत न पाठवितां वाढवून मांसासाठीं विकलीं, फायदा झालेला पाहून पुढच्या खेपेस आणखी मागविलीं, आणि केवळ मांसासाठीं कोंबड्या वाढविण्याच्या आजच्या धंद्याचा आरंभ तेथून धरण्याची चाल आहे. पुढें जातींच्या निवडीनें पक्षीच बदलून गेला. कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनीं जुन्या व नव्या जातींचे पक्षी एकाच खाद्यावर वाढवून त्यांचीं वजनें २०१४ सालीं प्रसिद्ध केलीं. ५६ दिवसांच्या वयास १९५७ सालच्या जातीचा पक्षी ९०५ ग्रॅम भरला. २००५ सालच्या जातीचा ४,२०२ ग्रॅम. आमच्या बाजारांत ज्यास 'बॉयलर' म्हणतात तो पक्षी सहा आठवड्यांच्या सुमारास कापला जातो. त्या वयांत गांवरान पिलूं आईच्या मागें उकिरडा उकरीत फिरत असतें. इतक्या वेगानें वाढणाऱ्या पक्ष्यांपैकीं पुष्कळांस स्वतःच्या पायांवर चालणें जड जातें. ठोक खरेदींत किलोमागें जे रुपये वांचतात ते कोणीतरी दिलेले असतात, आणि त्यांतला मोठा वांटा त्या पक्ष्यानें दिलेला असतो.

भाव केव्हां उतरतो हेंही पाहण्यासारखें आहे. गटारी म्हणून जिची थट्टा होते त्या दिव्याच्या अवसेस दुकानांपुढें रांगा लागतात. श्रावण लागला कीं गिऱ्हाईक ओसरतें व भाव खालीं येतो. पक्षी मात्र श्रावण पाळीत नाहीं. तो रोज खातो, रोज वाढतो, आणि वजन भरल्यावर त्यास पोसत राहणें शेतकऱ्यास परवडत नाहीं. तेव्हां श्रावणांत स्वस्त कोंबडी घेऊन ठेवावी व श्रावण सरल्यावर खावी, हा सल्ला काटकसरीच्या दृष्टीनें निर्दोष आहे. व्रतही अक्षरशः मोडत नाहीं, कारण जिभेस कांहीं लागलेलें नसतें. असें व्रत पाळणाऱ्यास आम्ही ढोंगी म्हणणार नाहीं. पण त्यानें काय सोडलें, हें त्याचें त्यालाही सांगतां येईल कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे.

याखेरीज जें खाल्लेंच जात नाहीं त्याचा विचार. पावसाळ्यांत दोन दिवस वीज गेली म्हणजे पिशव्यांना पाणी सुटतें, वास येऊं लागतो, आणि महिन्याची बेगमी एकाच सकाळीं कचऱ्याच्या गाडींत जाते. वीज न गेली तरी खणाच्या तळाशीं बर्फांत रुतलेली, तारीख पुसलेली, सुकून पांढरी पडलेली एखादी पिशवी बहुतेक घरीं सांपडेल. ती कोणासही नको असते. प्राण्याचा वध आहारासाठीं झाला, एवढेंच ज्याचें समर्थन, त्या वधाचें तेंही समर्थन येथें गेलें. तांदूळ किडला तर हळहळ वाटते. ही पिशवी फेकतांना तेवढीही हळहळ वाटत नाहीं, कारण ती कोंबडी होती हें केव्हांच विसरलेलें असतें. आमच्या मतें या साऱ्या व्यवहारांतला खरा दोष येथें आहे. बाकीच्यांबद्दल वाद घालतां येईल.

मनूनेंच दुसऱ्या एका ठिकाणीं संग्रहावरून ब्राह्मण गृहस्थाचे चार प्रकार केले आहेत: कोठार भरून धान्य ठेवणारा, घडाभर ठेवणारा, तीन दिवसांपुरतें ठेवणारा, आणि उद्यांसाठीं कांहींच न ठेवणारा. यांत पुढचा पुढचा त्यानें श्रेष्ठ मानिला. धान्याच्या बाबतींत हें आम्हांस पटत नाहीं. पोरांबाळांच्या घरांत घडा रिकामा ठेवणें यांत पुरुषार्थ नाहीं. मांसाच्या बाबतींत मात्र तिसऱ्या गृहस्थाचें माप आम्हांस मानवतें. रविवारीं आणलेलें बुधवारीं करावें, एवढ्यानें त्या सातच्या लोकलनें जाणाऱ्या बाईची सोय होते. बुधवारीं कोण जेवावयास आहे हें रविवारीं ठाऊक असतें. महिन्याच्या अखेरीस कोण असेल, आणि त्यास कोंबडी हवी असेल कीं नाहीं, हें ठाऊक नसतें.

श्रावण लागण्यापूर्वीं कांहीं घरांतून बायका हा वरचा खण रिकामा करितात, धुतात, आणि महिनाभर त्यांत मटार, ओलें खोबरें असें कांहीं ठेवितात. असें करावें म्हणून कोणत्याही पोथींत सांगितलेलें नाहीं. मांसाचीं भांडीं वेगळीं ठेवण्याची जी जुनी चाल, तिचाच हा विस्तार आहे असें कोणी म्हणतील, व तें खरेंही असेल. पण त्या दिवशीं सगळ्या पिशव्या एकदां ओट्यावर येतात. किती उरल्या, केव्हां आणल्या होत्या, आणि एवढ्या कशाला आणल्या होत्या, हें नवराबायकोंत बोललें जातें.